सेकंदभराची किंकाळी

बेंगळुरातच एचएसआर लेआउटमध्ये राहणारी माझी नात दर शनिवारी फोन करते आणि एकच विचारते: अज्जा, घरी बसून बघायला एखादं जुनं, कुणाला माहीत नसलेलं भीतीचं पिक्चर सांग. अज्जाने तरुणपणी फिल्मच्या गोदामात नोकरी केली, त्याला सगळं ठाऊक असतं, असं तिला कुणीतरी सांगून ठेवलंय. ठाऊक आहे खरं. मी सांगतो. बर्फातल्या एका गावातलं आहे, तिथली चर्चची घंटा कुणी न ओढता वाजते. पहिला अर्धा तास कंटाळवाणा आहे, तो निमूट सोसायचा. मिठाच्या खाणीतलं एक आहे, त्यात भूत शेवटपर्यंत दिसत नाही, नुसते एकेक कंदील विझत जातात. तमिळमधलं एक आहे, राक्षसासारख्या उंच मांत्रिकाचं. मांत्रिकाची मिशी दर प्रसंगात वेगळ्या लांबीची आहे, त्यामुळे ते हसायलाच बघावं, पण त्यातली विहिरीजवळची पाच मिनिटं हसू देत नाहीत. नात सगळं लिहून घेते आणि दुसऱ्या दिवशी चिडून सांगते की यातलं एकही कुठे मिळत नाही. मिळणार कसं? तेव्हाही ती कुणी मागत नव्हतं.

ही पिक्चरं मी अक्कासाठी निवडली होती. अक्का म्हणजे माझी मोठी बहीण, माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. लहानपणी तिला सांधेताप झाला आणि जाताना तो तिच्या हृदयाची झडप खराब करून गेला. तेव्हा बेंगळुरात त्यावर करण्यासारखं फारसं काही नव्हतं. गल्लीतल्या डॉक्टरांनी आईला एवढंच सांगितलं, की हिला धावू देऊ नका, जिना चढू देऊ नका आणि मुख्य म्हणजे दचकू देऊ नका. पहिल्या दोन गोष्टी सोप्या होत्या. तिसरीने आमचं घर बदलून टाकलं.

आमचं घराणं तीनेकशे वर्षांपूर्वी इकडे आलेलं, पेठेत राहणारं, घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर कन्नड बोलणारं. नातलग भरपूर आणि सगळ्यांचे आवाज मोठे. त्या सगळ्यांना आईने शिस्त लावली. दाराच्या कडीला चिंधी गुंडाळलेली असे. अक्काच्या खोलीत शिरण्याआधी प्रत्येकाने बाहेर खोकायचं. दिवाळीत आमच्या अंगणात फक्त फुलबाज्या. वडील गेल्याचं तिला तिसऱ्या दिवशी सांगितलं, आणि तेही डॉक्टरांना शेजारी बसवून. तिला दचकवलं नाही एवढंच त्यातलं समाधान. ती मात्र आमच्यावर जी चिडली, ती महिनाभर आईशी बोलली नाही.

पन्नासच्या दशकाच्या अखेरीस मला गांधीनगरात एका फिल्म वितरकाकडे नोकरी लागली. थिएटरांतून आणि कॉफीच्या मळ्यांवरून परत आलेल्या प्रिंट तपासणं हे माझं काम. एका हाताने चक्री फिरवायची आणि दुसऱ्या हाताच्या चिमटीतून फिल्मची कड सरकू द्यायची. कुठे भोक फाटलं असेल तर बोटाला कळतं. तिथे कापायचं, खरवडायचं, सोल्यूशन लावून सांधायचं. माझा सांधा मालकालाही सापडत नसे, आणि हे मी सगळ्यांना सांगत असे.

अक्काने थिएटर कधी पाहिलंच नव्हतं. जिना, गर्दी, अंधार, सगळंच तिला बंद. मी रोज संध्याकाळी तिला एखाद्या पिक्चरची गोष्ट सांगायचो. मोठ्या, गाजलेल्या पिक्चरची सांगायचो, कारण मला वाटायचं, तिला तेच आवडेल. ती मला तम्मा म्हणायची, कन्नडमध्ये धाकटा भाऊ. एक दिवस ती म्हणाली, "तम्मा, ही लग्नाची पिक्चरं माझ्या काय कामाची? शेजारच्या मुली भुताचं बघून येतात आणि आठवडाभर परसात एकट्या जात नाहीत. मला तसलं सांग."

मी म्हणालो, "तुला भीती वाटेल अक्का."

"मला रोज वाटते. सकाळी उठल्यापासून एकाच गोष्टीची. स्वल्प दुसऱ्या कशाची तरी वाटू दे."

असं बोलल्यावर काय करणार. मी मालकाला विचारलं. घरगुती प्रोजेक्टरवर चालतील अशा लहान पट्टीच्या प्रिंटही आमच्याकडे असत. त्या क्लबांना आणि कारखान्यांच्या वसाहतींना भाड्याने जात. मालकाला माणूस म्हणून मी नावं ठेवणार नाही. तो म्हणाला, रविवारी जी प्रिंट कुणी नेलेली नसेल ती ने, तपासून झाली असं मी समजेन. आता रविवारी गोदामात काय उरतं? चांगली पिक्चरं शनिवारीच मळ्यांकडे गेलेली असायची. उरायची ती पडेल, विसरलेली, पोस्टर हरवलेली. त्यातून शोधून शोधून मी अक्काला सुचवायचो. रविवारी दुपारी घोड्याच्या जटक्यातून प्रोजेक्टर आणि डबे घरी यायचे, खिडक्यांवर कांबळी टांगायचो आणि भिंतीवर वडिलांचं पांढरं धोतर ताणून बसवायचो.

आणि त्याआधी, शनिवारी, मी त्यातलं भीतीचं कापून काढायचो.

हे मी कुणाला विचारून केलं नाही. पिक्चर पुढे-मागे फिरवून ती एक जागा शोधायची, जिथे बघणारा दचकणार. तेवढा हातभर किंवा दोन हात तुकडा कापायचा, डबीत ठेवायचा आणि सोमवारी परत जागच्या जागी सांधायचा. घंटेच्या पिक्चरमधून घंटेखाली दिसणारा चेहरा काढला. खाणीतून शेवटचा कंदील काढला. मला वाटलं, सगळं साधलं. अक्काला भुताचं पिक्चर मिळालं, डॉक्टरांचा शब्द राहिला आणि मालकाचं नुकसान नाही. स्वतःच्या हुशारीवर मी इतका खूश होतो की आज आठवलं तरी लाज वाटते.

कारण माझ्या धंद्यातली अगदी बाळबोध गोष्ट मी विसरलो होतो. विसरलो नव्हतो, तिला काय कळणार असं धरून चाललो होतो. प्रोजेक्टरमध्ये चित्र एका जागी दिसतं आणि आवाज थोड्या अंतरावर पुढच्या चक्रीपाशी उमटतो. त्यामुळे फिल्मवर प्रत्येक चित्राचा आवाज त्याच्या आधीच, पंचवीस-सव्वीस चौकटी अलीकडे छापलेला असतो. चित्र कापलं, तरी त्याच्या आवाजाचा पहिला सेकंद अलीकडच्या तुकड्यात शाबूत राहतो आणि पुढच्याच, भलत्याच चित्रावर ऐकू येतो. कडेची आवाजाची पट्टी शाईने झाकून तो पुसता आला असता, पण प्रिंट मालकाची, तिला शाई लावायची माझी छाती नव्हती.

पाचव्या की सहाव्या पिक्चरनंतर अक्काने विचारलं, "तम्मा, ती बाई चहा पिताना का ओरडली?"

मी म्हणालो, "चहा गरम असेल."

"आणि त्या रविवारी तो पाद्री पाठमोरा जेवत होता, तेव्हा? आणि विहिरीवर नुसती बादली होती, तेव्हा? प्रत्येक पिक्चरमध्ये कुणीतरी अर्धवट ओरडतं आणि मग काहीच झालेलं नसतं. कापलेलं तुझ्याजवळच आहे ना?"

मी डबी काढून दिली. तिने तो तुकडा खिडकीशी धरला. नखाएवढ्या चौकटींत एकच चेहरा खालपर्यंत. ती बराच वेळ बघत राहिली. रागावली नाही. ती रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. ती म्हणाली, "तूसुद्धा आईसारखाच." मग म्हणाली, "एक पिक्चर पूर्ण दाखव मला. एकच."

मी म्हणालो, डॉक्टरांना विचारतो. ते नाही म्हणणार याची मला खात्री होती आणि तेवढ्यासाठीच मी गेलो. वीस वर्षं त्यांनी आम्हाला नाहीच म्हटलं होतं. डॉक्टरांनी माझं सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढला आणि कन्नडमध्ये म्हणाले, "दाखव. तिला जे हवं असेल ते आता द्या."

त्यातला 'आता' मला कळला. घरी येताना मी दोन गल्ल्या जास्त चाललो. परवानगी मिळाली होती आणि तीच घेऊन मला घरात शिरता येत नव्हतं. वीस वर्षं ज्या बाईला कडीचा आवाज ऐकू दिला नाही, तिच्यापुढे पूर्ण पिक्चर लावायचं म्हणजे दिवस थोडे उरलेत हे तिला सरळ सांगून टाकणंच होतं. आणि नाही लावलं, तर तिने तोंड उघडून मागितलेली एवढी एक गोष्टही नाही. आईला मी सांगितलं नाही. अक्काला म्हणालो, "डॉक्टर नको म्हणाले. पण मी गुपचूप दाखवतो."

"सरी," ती म्हणाली, म्हणजे बरं.

पुढचे दोन आठवडे मी गोदामातलं शेल्फन् शेल्फ धुंडाळलं आणि त्यातून एक इंग्रजी पिक्चर निवडलं. तळ्याकाठच्या घरात एक बाई एकटी राहते. पिक्चरभर तिला जिन्यावर पावलं ऐकू येतात. शेवटच्या रिळात ती दार उघडते. बस्स, एवढंच. थिएटरात हे एक आठवडाही चाललं नव्हतं.

थंडीचे दिवस होते. रविवारी दुपारी आई मावशीकडे गेलेली. मी कांबळी टांगली आणि अक्काच्या पाठीशी उशी दिली. तिने केसांत फूल माळलं होतं. तळं दिसताच ती म्हणाली, "आपलं हेब्बाळचं तळंच की. मी आजारी पडण्याआधी अप्पा एकदा घेऊन गेले होते." पावलं वाजू लागली तशी तिने चादर गळ्यापर्यंत ओढली. तिचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता. डोळे चमकत होते आणि ओठ हसल्यासारखे. शेजारच्या मुलींसारखी ती भीत होती, मजेत.

बाई दाराशी गेली. कडीला हात लावला. अक्काचा तळवा छातीवर गेला. माझा हात उठला आणि प्रोजेक्टरच्या भिंगापुढे गेला. मी ठरवून केलं नाही, एवढंच सांगू शकतो. धोतरावर माझी पाच बोटं काळी उमटली आणि त्यामागून त्या बाईची किंकाळी आली, या वेळी पूर्ण.

"तम्मा, हात काढ," अक्का शांतपणे म्हणाली.

मला काढता आला नाही. काढला तेव्हा भिंतीवर सकाळ झाली होती आणि ती बाई तळ्याकाठाने चालत निघाली होती. रीळ संपलं. मी कांबळ बाजूला केलं.

"डॉक्टर हो म्हणाले ना?" तिने विचारलं.

"नको म्हणाले."

"ते नको म्हणाले असते, तर तू लावलंच नसतंस. तुला मी ओळखत नाही का?"

मी रीळ उलटं गुंडाळायला लागलो. मला रडू येत होतं आणि तिच्यासमोर रडणं म्हणजे तिला दचकवणं, हे डोक्यात इतकं भिनलेलं, की मी पाठ करून उभा राहिलो.

"दारामागे काय होतं, ते तरी सांग," ती म्हणाली.

"पुढच्या रविवारी पूर्ण बघ," मी म्हणालो. "हात बांधून बसतो हवं तर."

ती हसली. "सरी. आता लपवायचं तरी काय राहिलंय."

गुरुवारी सकाळी ती आईबरोबर अवरेच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगा सोलत बसली होती. आई फोडणी करपेल म्हणून आत गेली आणि परत आली तोवर अक्का भिंतीला टेकलेली होती, मूठभर दाणे ओच्यात. मी ऑफिसात होतो. घरी पोचलो तेव्हा नातलग जमले होते आणि प्रत्येकजण आईला एकच सांगत होता, की पोर कशी शांत गेली, चेहऱ्यावर भीतीचा लवलेश नाही. आईला त्याचा आधार वाटत होता.

ते पिक्चर मी निवडण्यापूर्वी तीनदा तपासलं होतं. चौकट न् चौकट मला पाठ होती. ती बाई आधीच्या भीतीनेच किंचाळत दार उघडते तेव्हा बाहेर कुणीच नसतं. रिकामा जिना असतो आणि त्यावर थोडा उजेड. म्हणून तर ते मी निवडलं होतं. अक्काने मला सरळ विचारलं होतं, आणि 'दारामागे काही नाही, अक्का' एवढं मला तिला सांगता आलं असतं.