डॉक्टर नाही म्हणाले

"सुया? नको गं बाई. आमच्या डॉक्टरांनी साफ नाही म्हणून सांगितलं होतं."

आई बाहेरच्या खोलीत नजमाकाकूंना सांगत होती आणि मी स्वयंपाकघरात चहा गाळत होते. हात थांबला. तिच्या त्या वाक्यामागचं मला जे ठाऊक आहे, ते मी आजवर कुणालाच सांगितलं नाही. बाबांनाही नाही. आता सांगते — सगळं जमेल की नाही, माहीत नाही.

नजमाकाकू मूळच्या सोलापूरच्या, आमच्याच सोसायटीत राहतात. गेल्या आठवड्यात त्यांची पहिली केमो झाली आणि उलट्या थांबत नाहीयेत. कुणीतरी त्यांना ॲक्युपंक्चर सुचवलं, म्हणून त्या आईला विचारायला आल्या. आईला याच आजारातून उठून सात वर्षं झाली. ती नको म्हणाली, की नकोच.

तेव्हा मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. सरकारी क्वार्टर सोडून आम्ही नुकतेच नोएडाच्या नव्या फ्लॅटमध्ये आलो होतो — लिफ्ट अजून बसायची होती. बाबांना रजा मिळेना, म्हणून हॉस्पिटलात आईसोबत मीच. डॉक्टर इंग्रजीत बोलायचे, आईला ते कळायचं नाही. वर्गात कधी हात वर न करणारी मी, त्या केबिनमध्ये मात्र धडाधड बोलायचे. एकदा ते आपल्या ज्युनिअर्सना म्हणाले, असे शिकलेले नातेवाईक असले की काम सोपं होतं. ते वाक्य मी कितीदा आठवलं असेल — सांगू? नको.

पहिल्या केमोनंतर आई पाच दिवस बाथरूमच्या दाराशी बसून होती. पाण्याचा घोटही टिकेना. बाबांच्या ऑफिसातल्या कुणीतरी भल्ला मॅडमचं नाव दिलं. त्या एमबीबीएस होत्या, घराच्या पुढच्या खोलीत ॲक्युपंक्चर करायच्या. याने कॅन्सर बरा होत नाही, हे त्यांनी आधीच सांगितलं. फक्त मळमळ थोडी कमी होऊ शकते. दुसऱ्या केमोच्या वेळी त्यांनी रक्ताचा ताजा रिपोर्ट पाहिला आणि मनगटाजवळ, गुडघ्याखाली बारीक सुया लावल्या. तिसऱ्या दिवशी आईने वरणभात मागितला. सुयांनीच झालं का? मला माहीत नाही. पण तिने मागितला — आणि खाल्ला.

पुढच्या वेळेसाठी भल्ला मॅडमनी एक अट घातली. "बेटा, अपने डॉक्टर से लिखवा लाओ. ब्लड काउंट गिरे हों तो मैं सुई नहीं लगाऊँगी. उन्हें पता होना चाहिए." त्यांनी एक चिठ्ठीही दिली. मला फक्त ती पुढे करायची होती.

आमच्या आधी केबिनमध्ये एक म्हातारे गृहस्थ होते, गावाकडच्या कुठल्याशा काढ्याची बाटली घेऊन आलेले. डॉक्टरांनी ती बाटली उजेडात धरली आणि काहीतरी बोलले. ज्युनिअर्स हसले. दाराशी उभी असलेली मीसुद्धा हसले. ते गृहस्थ बाटली पिशवीत घालत बाहेर पडले, आणि आमचा नंबर आला.

चिठ्ठी माझ्या फायलीत, सगळ्यात वर होती. आईने कोपराने हळूच ढोसलं — विचार. मी बोलायला लागले. रिपोर्ट, तारखा, गोळ्यांच्या वेळा — सगळं बोलले. आई माझ्या तोंडाकडे बघत होती, तिला वाटलं तेच चाललंय. शेवटी डॉक्टरांनी विचारलं, आणखी काही? मी म्हटलं, नाही. थँक्यू.

बाहेर कॉरिडॉरमध्ये तिने विचारलं, "काय म्हणाले गं?"

"नाही म्हणाले."

इतकं सोपं होतं ते. "बरं," ती म्हणाली, "ते सांगतात तर नको." आणि पुन्हा विषय काढला नाही.

त्यानंतर चार केमो झाल्या. चारही वेळा ती त्या दाराशी बसली. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून टॉवेल तोंडाशी धरायची, कारण माझी परीक्षा होती. पुढच्या खेपेला विचारता आलं नसतं का? आलं असतं. चार वेळा आलं असतं. भल्ला मॅडमचा एकदा फोनही आला, मीच उचलला. मम्मी अब बिल्कुल ठीक हैं, म्हणाले. आतून ओकारीचा आवाज येत होता. रिसीव्हरवर मी हात ठेवला होता.

डॉक्टर काय म्हणाले असते, मला माहीत नाही. कदाचित हसले असते. कदाचित सही करून दिली असती.

आणि आता बाहेर आई नजमाकाकूंना समजावत होती, "अगं, एवढे मोठे डॉक्टर, उगाच का नाही म्हणतील?" नजमाकाकू थकलेल्या आवाजात म्हणाल्या, "मग राहू दे. मी विचारतच नाही."

मी चहा तसाच ठेवून बाहेर गेले. दोघींनी वर पाहिलं.

"काकू, तुम्ही तुमच्या डॉक्टरांना नक्की विचारा," मी म्हटलं. "आई, आपले डॉक्टर नाही म्हणालेच नव्हते. मी विचारलंच नाही. त्यांच्यासमोर मला तुझी लाज वाटली."