कोरडी बशी

घोटावड्याच्या कारखान्यात आम्ही हवा आरपार जाणारी प्लास्टिकची फिल्म बनवतो. दाण्यांत एक पांढरी पावडर मिसळायची. मशीनच्या उष्णतेने तिचा वायू होतो आणि फिल्मला बारीक छिद्रं पडतात. दमट दिवसांत दाणे आधी ड्रायरमध्ये वाळवायचे आणि पावडर नंतर घालायची, हे नव्या ट्रेनीलाही कळतं. आईचं तेरावं करून लातूरहून परतलो त्या दिवशी मी दोन्ही एकत्रच ड्रायरमध्ये ओतलं. पावडर तिथेच अमोनिया वायू होऊन उडून गेली.

फिल्म काचेसारखी नितळ निघाली. आमचे एक जुने ऑपरेटर यंत्रापेक्षा स्वतःच्या रीतीवर भरवसा ठेवतात. त्यांनी गरम चहाच्या ग्लासावर फिल्म ताणून बांधली आणि वर बशी धरली. बशी कोरडीच राहिली.

"एक बी भोक न्हाई," ते डोळे पुसत म्हणाले. ड्रायरमधून सुटलेल्या अमोनियाने हॉलमधले सगळेच डोळे पुसत होते. मग त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं.

"साहेब, तुमच्या डोळ्यात पानी कसं न्हाई?"

मी ग्लासावरची फिल्म सोडवली. कोंडलेली वाफ तोंडावर आली आणि चष्मा तेवढा ओला झाला.