धरणारा गडी

तिळाच्या तेलात हळद कढली की निजामाच्या अमलातली एक जत्रा आठवते. हुतूतूच्या मैदानात समोर गावच्या देशमुखांनी दुधावर पोसलेला, विशीतला धरणारा गडी उभा होता; त्याच्या सुजलेल्या मनगटांना तोच लेप होता. मी दम धरून चढाईला गेलो आणि त्यानं माझा घोटा पकडला. सुटायला झटका दिला, तसा माझा गुडघा त्याच्या मानेवर बसला. माझा दम तुटला, तरी त्याची मूठ सुटेना. त्याचा बाप धावत आला. "सोड की रं आता, जिंकलास तू," म्हणत त्यानं एकेक बोट उलगडलं, तेव्हा पोरगा गेल्याचं कळलं. देशमुख म्हणाले, "काहून थांबले बे? दुसरा धरणारा आणा." पुढच्या डावात मी पुन्हा चढाईला गेलो. हे आजवर घरात कुणाला सांगितलेलं नाही.