टीममधली शेवटची जागा

स्कोअर चार-चार. पाचवा बास्केट जिचा पडेल ती टीममध्ये, दुसरी बाहेर. बॉल जैनीच्या हातात होता. समोर सायली. बाकीच्या पोरी कोर्टाच्या कडेने दाटीवाटीने उभ्या होत्या आणि शिट्टी माझ्या तोंडात होती.

जैनीने डावीकडे जायचं नाटक केलं. सायली फसली. जैनी उजवीकडून निघून गेली. आता तिच्यासमोर कोणीच नव्हतं, नुसता लेअप टाकायचा होता. लेअप म्हणजे पळत यायचं, दोन पावलांत उडी घ्यायची आणि बॉल बोर्डाला लावून रिंगमध्ये सोडायचा. या खेळात याहून सोपा बास्केट नाही. जैनी तर मैत्रिणीशी गप्पा मारता मारता लेअप टाकते. त्या दिवशी तिचा बॉल बोर्डाच्या वरच्या काठाला लागला आणि सरळ सायलीच्या हातात आला. सायलीने तो नियमाप्रमाणे रेषेबाहेर नेला, परत आली आणि टाकला. जैनी अडवायला धावली, पण जरा उशिराच धावली.

मी शिट्टी मारली. "सायली!"

एक गोष्ट आत्ताच सांगून टाकते. सायली माझी पोरगी आहे.

मी गडचिरोली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी हायस्कूलमध्ये पीटी शिकवते. लोकांना वाटतं, पीटीच्या मॅडमला काम काय, सकाळी सावधान-विश्राम केलं की झाला पगार. त्यांनी एकदा ऑगस्टमध्ये येऊन आमचं सिमेंटचं कोर्ट घासून दाखवावं. पावसाळ्यात त्यावर असं शेवाळ चढतं की उभं राहणाऱ्याचं कंबरडं मोडावं. पोरी आणि मी मिळून ब्लीचिंग पावडर टाकून खराट्याने घासतो, मग खेळ.

आता कोणी विचारेल, जंगलातल्या शाळेच्या टीममध्ये यायला एवढी मारामारी कशाला? तर त्याचं कारण जंगलच आहे. आमच्याकडे कोर्ट असलेल्या शाळा मोजक्या. त्यामुळे एखाद-दुसरी मॅच जिंकली की जिल्हा खिशात, आणि टीम थेट नागपूरला विभागीय स्पर्धेत. विभागात खेळलेल्या पोरींना दहावीत वाढीव मार्क मिळतात. सगळे त्याला ग्रेस म्हणतात. गणितात लटकणाऱ्या पोरीला ते मार्क वर ओढून काढतात. म्हणून वर्षभर ज्यांनी बॉलला हात लावलेला नसतो, त्याही ट्रायलच्या दिवशी नवे बूट घालून हजर. मागे त्यांचे आईबाप. आणि टीममध्ये जागा फक्त बारा.

यंदा हेडसरांनी सुरुवातीलाच एका पुढाऱ्याच्या नातीचं नाव काढलं. "पाहा ना मॅडम, बसवून ठेवा बेंचवर. खेळवू नका."

मी स्टाफरूममध्ये सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "सर, ट्रायल उघड्यावर होईल, सगळ्यांसमोर. जिला जमेल ती येईल. माझ्या टीममध्ये वशिला चालत नाही."

मोठ्याने बोलायची मला हौस आहे. त्या दिवशी तर दोन शिक्षकांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या.

ट्रायल खरंच उघड्यावर घेतली. ड्रिबल, पास, लेअप, पळणं. ती नात पहिल्याच ड्रिबलला स्वतःच्या पायावर बॉल मारून बसली आणि स्वतःच हसत घरी गेली, बिचारी. संध्याकाळपर्यंत अकरा पोरी पक्क्या झाल्या. उरली एक जागा, आणि त्या जागेसाठी उरल्या दोघी. सायली आणि जैनी. मी म्हटलं, दोघींची वन-ऑन-वन घेऊ. एकीसमोर एक, पाच बास्केट. याहून मोठा न्याय कोणता?

जैनी एटापल्लीच्याही पुढच्या एका गावची. आश्रमशाळांच्या स्पर्धेत मी पंच होते, तेव्हा तिला कबड्डी खेळताना पाहिलं. असा चपळ जीव मी कमी पाहिला आहे. तिच्या वडिलांशी बोलून मी तिला आमच्या शाळेत आणलं आणि होस्टेलमध्ये जागा मिळवून दिली. दर रविवारी ती आमच्याकडे जेवायला यायची. सायलीचे जुने बूट तिच्या पायात. दोघी मिळून भांडी घासायच्या आणि खिदळायच्या. घरी पाहुणे आले की मी जैनीला बाहेर बोलवायची. "ही पाहा, कुठून कुठं आणली पोरगी!" जैनी मान खाली घालून हसायची. मला वाटायचं, लाजते.

ती दहावीला, सायली नववीला. म्हणजे सायलीला पुढचं वर्ष होतं, जैनीला नव्हतं. जैनीची मोठी बहीण गणितातच दहावी नापास झाली आणि तेव्हापासून घरी बसली आहे, शेतात जाते, उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडते. जैनीचं गणित बहिणीपेक्षा काही फार बरं नव्हतं. हे सगळं मला माहीत होतं. हे माहीत असूनच मी शिट्टी मारली होती.

त्या संध्याकाळी मी सायलीच्या आवडीचं वांग्याचं भरीत केलं. तिने ताट सरकवलं.

"काय झालं वो बाई?" मी लाडात विचारलं.

"तुले दिसलं नाई का?"

"काय?"

"तिचा लेअप. तिनं मुद्दाम वर मारला."

"सुटला असन हातातून. कोर्ट ओलं होतं."

"आई, ती ओल्या कोर्टावर रोज टाकते." मग ती जे बोलली ते माझ्या अजून कानात आहे. "आणि तू शिट्टी मारायच्या आधी हसली होतीस. सगळ्या पोरींनी पाहिलं."

मी चिडले. खरं बोललेलं लागलं की मी आधी चिडते, असा माझा स्वभाव आहे. म्हणाले, "तुले टीममध्ये यायचं हाय का नाई ते सांग!"

"यायचं हाय. असं नाई यायचं."

ती उठून गेली. भरीत तसंच राहिलं. मला दिसलं नव्हतं का? दिसलं होतं. वीस-बावीस वर्षं पोरींचे हात पाहते आहे मी. निसटलेला बॉल आणि घालवलेला बॉल यातला फरक मला कळत नसेल तर मी शिट्टी विकून भाजी विकावी. बॉल बोर्डाच्या काठाला लागला त्याच क्षणी मला कळलं होतं, आणि त्याच क्षणी आतून बरं वाटलं होतं. पुढाऱ्याच्या नातीला नाही म्हणून मिरवणारी मी! अशी लाज वाटली की नवऱ्याने काय झालं विचारलं तर त्यालाही सांगितलं नाही.

सकाळी शाळा भरायच्या आधी होस्टेलवर गेले. जैनी नळावर कपडे धूत होती. मला पाहून उभी राहिली, हात फ्रॉकला पुसले.

"काल काय झालं लेअपले?"

"हात घसरला, मॅडम."

"खरं सांग."

"खरंच घसरला." मग घाबरून म्हणाली, "सायली काही बोलली का? तिले रागवू नका, मॅडम. तिनं मले काही नाई सांगितलं. माझं मीच..." आणि परत कपडे पिळायला लागली.

माझं मीच. म्हणजे कोणी तिला सांगायची गरजच पडली नव्हती. घरातलं जेवण, बूट, होस्टेलची जागा, पाहुण्यांसमोरचं ते "कुठून कुठं आणली". हे सगळं घेतल्यावर मॅडमच्या पोरीला हरवायचं कसं, एवढा हिशेब तिने एकटीनेच केला होता. माझ्या टीममध्ये वशिला चालत नाही म्हणे. चालला की! आणि तोही त्या पोरीला स्वतःच्या जागेवर पाणी सोडायला लावून.

मी हेडसरांकडे गेले. म्हटलं, शेवटच्या जागेची ट्रायल परत घ्यायची आहे.

त्यांनी चष्मा काढला. "एंट्री भरली ना ऑनलाइन?"

"भरली. शेवटच्या तारखेपर्यंत नाव बदलता येते."

"कोणी तक्रार केली का?"

"नाही."

"मग काऊन तमाशा करून राह्यल्या, मॅडम? तुमची पोरगी हाय म्हणून कोणी काहीच बोलून नाही राह्यलं. बोललं असतं तर गोष्ट वेगळी होती."

"कोणी बोलत नाही, म्हणूनच घ्यायची आहे."

त्यांनी चष्मा टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "त्या पुढाऱ्याच्या नातीले तरी मग बेंचवर बसवलं असतं तर काय बिघडलं असतं?" मी तिथून हलले नाही. चष्मा परत लावून ते म्हणाले, "घ्या. पण माझं नाव नका आणू त्यात."

दुपारच्या सुट्टीनंतर पोरींना परत कोर्टावर बोलावलं. खरं तर मी तेव्हा सगळ्यांसमोर सरळ सांगायला हवं होतं, की काल मी चुकले. तोंडातून निघालं ते एवढंच, "कालचा निकाल बरोबर झाला नाही. परत खेळा." पोरी एकमेकींकडे पाहत होत्या.

शिट्टी झाली. जैनी परत तशीच खेळायला लागली. सायलीला वाट द्यायची, बॉल हातातून जाऊ द्यायचा. सायलीचा एक बास्केट पडला. सायली तिला म्हणाली, "ए, खेळ ना नीट!" जैनी ऐकेना. शेवटी मीच ओरडले, "जैनी! हलकं खेळशील तर दोघींनाही बाहेर काढीन!"

म्हणजे पाहा. त्या पोरीला तिच्या हक्काचं मिळावं यासाठीही मला तिला धमकावावंच लागलं. सायलीचं नुकसान होईल म्हटल्यावर मात्र ती खेळली.

आणि काय खेळली! पहिला बास्केट डावीकडून. दुसरा सायलीच्या हाताखालून वाकून. पोरी बास्केट टाकला की आधी रिंगकडे पाहतात, मग मैत्रिणींकडे, मग उड्या मारतात. जैनी बास्केट टाकला की माझ्याकडे पाहायची. प्रत्येक वेळी. बॉल जाळीतून खाली पडायच्या आधीच तिचे डोळे माझ्या तोंडावर. मी चेहरा सरळ ठेवायचा प्रयत्न करत होते. तिसरा पडला, चौथा पडला. सायली धापा टाकत होती, केस तोंडावर आले होते, आणि मी मनातल्या मनात म्हणत होते, सायली, एक तरी अडव. आई आहे मी, ते कुठे जाणार? पाचवा तिने तोच लेअप टाकला. दोन पावलं, उडी, बोर्ड, रिंग.

एवढ्या पोरी उभ्या होत्या, एकीनेही टाळी वाजवली नाही. मॅडमची पोरगी हरली होती ना. सायलीनेच जाऊन जैनीच्या पाठीत धपाटा घातला. "आता कशी खेळली, सैताना!" आणि मग ती तोंड धुवायला म्हणून नळाकडे गेली आणि बराच वेळ आली नाही.

जैनी बॉल घेऊन माझ्याकडे आली. बॉल माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "सॉरी, मॅडम."

"सॉरी काऊन?"

"तुम्हाले वाईट वाटलं."

नाही गं, असं मी म्हणणार होते, पण ते खोटं झालं असतं. वाटलंच होतं मला वाईट. तिने बरोबर ओळखलं होतं. टीममध्ये येण्यासाठी त्या पोरीला ड्रिबल शिकावं लागलं, लेअप शिकावा लागला, आणि वर माझा चेहरा वाचायलाही शिकावं लागलं. पहिल्या दोन गोष्टी मी शिकवल्या म्हणून मी मिरवत होते. तिसरीही मीच शिकवली होती, नकळत, माझ्याच स्वयंपाकघरात.

पुढचं थोडक्यात सांगते. आम्ही जिल्हा जिंकलो. नागपूरला पहिली मॅच काढली, दुसरीत एका मोठ्या शाळेने आम्हाला धुतलं. जैनी दोन्ही मॅचमध्ये चांगली खेळली आणि बास्केट टाकल्यावर बेंचकडे वळून पाहायची तिची खोड तिथेही गेली नव्हती. बेंचवर मी बसले होते. दहावी ती पास झाली, आता आमच्याच शाळेच्या ज्युनिअर कॉलेजात अकरावीला आहे. गणितात ते मार्क लागले. सायली आणि ती अजून जिवाभावाच्या मैत्रिणी आहेत, शाळेत तर दोघींचा डबा एकच. फक्त रविवारी जैनी आमच्याकडे जेवायला येत नाही. विचारलं तर म्हणते, होस्टेलमध्ये काम असते. दर रविवारी कोणाला होस्टेलमध्ये काम असते? मी जास्त खोदून विचारत नाही. उत्तर माहीत असलं की विचारायची हिंमत होत नाही.

यंदा ट्रायलला मी शेजारच्या तालुक्यातल्या एका सरांना बोलावलं. सायली आता दहावीत आहे, ती घेतली जाईल की नाही हे त्यांच्या हातात. त्यांना आमच्या पोरींची नावं माहीत नाहीत, कोण कोणाची ते माहीत नाही, आणि कोणी सांगूही नये अशी मी स्टाफला तंबी दिली आहे. हेडसर म्हणाले, "मॅडम, एवढं काऊन? तुम्ही नुसत्या बाजूला उभ्या राहा ना."

मी म्हटलं, नाही सर. मी नुसती गप्प उभी राहून भागत नाही, पोरी माझा चेहरा वाचतात. निवड चालू असताना मी त्या कोर्टावर दिसणारच नाही. वर्गात बसून हजेरीपट लिहिते आणि दार लावून घेते.