हर्षाचं सासर

सरकारी माणूस गावात शिरला की सत्यशीलाबाई आधी कोंबड्या झाकायची, मग पदर खोचून अंगणात उभी राहायची. फुकट द्यायला कोणी येत नाही, हे तिचं पक्कं मत. त्याला कारणही होतं. मोहर्लीजवळचं तिचं गाव जंगलाला खेटून. शेजारचं गाव वाघांच्या जंगलासाठी सरकारनं उठवलं, तेव्हा आधी असेच दोन गोड बोलणारे सरकारी लोक आले होते. घरात अठरावरची पोरं किती, एवढंच विचारून गेले. मग अठरावरचं प्रत्येक पोर वेगळं कुटुंब धरलं, कुटुंबागणिक मोबदला ठरला आणि घरामागून घर गाव सोडायला कबूल होत गेलं. तिची सख्खी बहीण तिथलीच. ती आता डांबरी रस्त्याकाठी राहते आणि मोहाच्या झाडांची आठवण काढून रडते.

तेव्हापासून सत्यशीलाबाईनं खूणगाठ बांधली होती: कोणी माणसं मोजायला आलं की पोरं लपवायची.

तिची हर्षा बारावी झालेली. शिकलेल्या पोरांनी काही महिने सरकारी जागी काम शिकायचं आणि सरकारनं दरमहा खात्यात पैसे टाकायचे, अशी योजना आली. गावच्या दवाखान्यासाठी हर्षाचं नाव निघालं. पोर हरखून गेली. पुढं नर्सिंगला जायची पहिली पायरी तिला दिसत होती.

"काम शिकाचं अन् वरून पैसे? बदल्यात काय पाह्यजे त्यायले?" आईनं विचारलं.

हर्षा नुसती हसली. ते हसणंही सत्यशीलाबाईला खटकलं.

पोर बँकेच्या कामाला चंद्रपूरला गेली, त्याच दिवशी दोघं मोटारसायकलवर दारात आले. "हर्षा इथंच राहते ना? अठरा पूर्ण आहे ना तिला?"

'अठरा' ऐकताच सत्यशीलाबाईनं पदर खोचला. "तिचं तं लगन झालं, भाऊ. तेलंगणात नांदाले गेली."

ते लिहून घेऊन निघून गेले. अख्खं गाव आपण वाचवलं, अशा ऐटीत ती त्या दिवशी पोटभर जेवली.

पुढच्या महिन्यात दवाखान्यात दुसरीच मुलगी रुजू झाली. ती उपसरपंच भैयाजींची पुतणी निघाली. मग काय, सत्यशीलाबाईच्या संशयाला आयतंच खतपाणी मिळालं. हर्षाला ओढत घेऊन ती भैयाजींच्या दारात गेली. "माह्या पोरीची जागा काऊन खाल्ली?"

"बाई, चौकशीले आलेल्यायले तुमीच सांगतलं, पोर सासरी गेली म्हणून," भैयाजी म्हणाले. "गावात राहत नाई म्हणून नाव कटलं. आता जागा भरली."

हर्षानं आईकडे पाहिलं. "माय, कोणाच्या घरी देल्लं वो मले?"



पंधरवड्यानं गावातल्या पोरींना तमिळनाडूच्या सूतगिरणीत न्यायला जीप आली. हर्षानंही पिशवी भरली. सत्यशीलाबाईनं नेणाऱ्या माणसाला फैलावर घेतलं: मालक कोण, पोरी निजतील कुठी, आजारी पडल्या तर पाहील कोण? तो नुसती मान हलवत होता. शेवटी ती पोरीकडे वळली. "मले वाटलं, गाव उठवतीन. भेव लागलं वो मले."

"साऱ्या दुनियेले सवाल करतं, माय," जीपमध्ये चढता चढता हर्षा म्हणाली. "ते माणसं कायले आले व्हते, हे मले एक डाव विचारलं असतं तं?"

जीप सुटली. सत्यशीलाबाईला आयुष्यात पहिल्यांदाच दुसऱ्या कोणाची नव्हे, स्वतःची चीड आली.