काकांचा सेर्मो

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांइतका लॅटिनला जीव लावणारा माणूस नारायण पेठेत दुसरा झाला नसेल. व्हावा अशी गरजही कुणाला वाटली नसेल. जन्मभर ते एका छापखान्यात मुद्रितं तपासत होते. तिथे चर्चची पुस्तकं छापायला येत, आणि न कळणारी भाषा तपासणं ही शुद्ध फसवणूक, असं म्हणून त्यांनी ती शिकून घेतली. निवृत्तीनंतर ती ऐकायला आम्ही होतोच. त्यांचा लाडका शब्द ‘सेर्मो’. "भाषण नव्हे हो, बोलणं! दोघांत चालतं ते," असं ते दूधवाल्यालाही समजावत. "भाषणाला ‘ओरातिओ’. पुढे प्रवचनालाच सेर्मो म्हणू लागले आणि समोरच्याची बोलती बंद झाली!" गणेशोत्सवात अध्यक्ष बोलायला उभे राहिले की पहिल्या रांगेतून काका विचारत, "आम्हाला मध्ये बोलता येईल का?" तिसऱ्या वर्षी त्यांची खुर्ची खांबामागे गेली.

तेव्हा मी हिंजवडीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत होतो. नव्या मुलांपुढे भाषेविषयी बोलायला मी काकांना नेलं. त्यांनी माइक बाजूला ठेवला, खुर्ची ओढून मुलांत बसले आणि शेजारच्या मुलीला विचारलं, "आपण कुठल्या?"

"वर्ध्याची," ती म्हणाली आणि थांबली. मग एकदम, "मी बोलली का सारे हासतेत. राजीनामा लिहून ठेवला हाय मी."

सहा महिने ती आमच्यात बसत होती. आम्हाला पत्ता नव्हता. तेवढ्यात मागे कुणीतरी हसलंच.

"आपलं हसून झालं की सांगा," काका मागे न बघता म्हणाले, "आम्ही थांबतो." मग तिला म्हणाले, "तुमच्याकडे वांग्याची भाजी कशी करतात?"

ती सांगत गेली, काका शंका काढत गेले. तास संपला तेव्हा निम्मी मुलं आपापल्या आईची भाजी सांगत होती. राजीनामा तिने दिला नाही. पुढे बदली होईपर्यंत दर रविवारी ती काका-काकूंकडे जेवायला येई.

काका गेले तेव्हा ती बंगळूरहून आली. काकूंनी सकाळपासून कुणाशी एक शब्द काढला नव्हता. ती त्यांच्याजवळ जमिनीवर बसली.

"काही खाल्लं काय, काकू?"

"नाही गं," काकू म्हणाल्या. थोड्या वेळाने त्यांनीच विचारलं, "गाडी वेळेवर होती का?"

मग दोघी हळूहळू बोलत राहिल्या. मी दार लोटून घेतलं आणि जिन्यात थांबलो.