सप्ताहाची रसद

मला लढाई येत नाही. कॉम्प्युटरवरच्या लढाईच्या खेळातसुद्धा येत नाही. तोफा कुठं लावायच्या, घोडदळ कुठून घुसवायचं, याला लागणारी छाती माझ्याकडे नाही. शत्रूचा किल्ला पडला की मला पहिली उत्सुकता त्याच्या कोठारात काय निघालं याची. मी रसद बघतो. आमचा खेळणाऱ्यांचा एक गट आहे. कुणी पुण्यात, कुणी नाशकात, एकजण तर दुबईत. एकमेकांची तोंडं आम्ही कधी पाहिलेली नाहीत. त्यांच्यात लढवय्ये पुष्कळ आहेत, पण फौज उपाशी मरायला लागली की सगळे मलाच हाका मारतात.

हाका माराव्यात असंच माझं काम होतं. धान्य लादलेले बैल फार लांब पाठवले तर पाठीवरचा दाणा वाटेत तेच खाऊन टाकतात आणि फौजेपर्यंत नुसतं शेण पोचतं. म्हणून मध्ये अंतराअंतरावर कोठार बांधायचं. पावसाळ्यात कच्चा रस्ता बसतो, म्हणून त्याआधीच साठा पुढे सरकवायचा. पुढे रेल्वे टाकली की ओझी वाहणारी माणसं मोकळी होतात, त्यांना दुसऱ्या कामाला लावायचं. दूध-डेअरीच्या गाडीसारखं सगळं आपोआप फिरायला लागलं की मी खुर्चीत मागे रेलून नुसतं बघत बसायचो. याचा मला गर्व होता. होता म्हणतो, कारण यंदाच्या सप्ताहापासून तो नकाशा उघडला की माझी कानशिलं तापतात.

आमचं घर खोडदच्या बाहेर मळ्यात आहे. घरात आई, मोठा भाऊ, वहिनी आणि बिनलग्नाचा मी. भावाचं आळेफाट्याला गॅरेज आहे. तो सकाळी जातो तो रात्री जेवायलाच परत येतो. मी घरूनच एका कंपनीचं काम करतो. म्हणजे दिवसभर कॉम्प्युटरसमोर असतो, आणि त्यातलं काम किती नि खेळ किती हे घरात कुणाला कळत नाही.

काही वर्षांपूर्वी आई अंगणात घसरून पडली, तेव्हापासून अंथरुणावर आहे. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, पण ती पुन्हा उभी राहिली नाही. तिला उठवणं, कुशीवर वळवणं, न्हाऊ घालणं, सगळं वहिनींच्या अंगावर. त्यांनी कधी तोंड वाकडं केलं नाही. पण तेव्हापासून त्यांचं बाहेर पडणं बंद झालं, तेही कुणी बंद न करता. त्यांना कुणी जाऊ नका म्हटलं नव्हतं. पण अंथरुणावर सासू असलेली सून उगाच गावात कशाला दिसेल? बाजार मी आणतो, दळण भाऊ आणतो. जायला कारण लागतं, आणि एकेक कारण आम्हीच सोयीचं म्हणून काढून घेतलं होतं.

एकच कारण उरलं होतं. गावात हरिनाम सप्ताह बसला की रोज संध्याकाळच्या पंगतीची आमटी देवळापाशी मोठ्या कढईत शिजते आणि भाकरी घरोघरच्या बाया भाजून नेतात. आमच्याकडची ही जुनीच रीत आहे. बाजरीच्या भाकरीची पाटी डोक्यावर घेऊन आमच्या मळ्यातून वहिनी निघायच्या. कॅनॉलच्या रस्त्याला पुढच्या घरची एक मिळायची, फाट्यावर आणखी दोघी. गावाजवळच्या रेडिओ-दुर्बिणीच्या त्या अवाढव्य, आकाशाकडे तोंड फिरवणाऱ्या तबकड्या दिसायला लागेपर्यंत बायांची चांगली रांग झालेली असायची. पाटी उतरवायची, ओट्यावर बसायचं, कीर्तन ऐकायचं, गप्पा मारायच्या आणि रिकामी पाटी घेऊन परत यायचं. तेवढा वेळ आईजवळ मी बसायचो. खरं सांगायचं तर कुरकुरत बसायचो, कारण आमच्या गटाची खेळायची वेळ नेमकी तीच.

वहिनी परत आल्या की आईच्या पायथ्याशी बसून सगळं सांगायच्या. कुणाची लेक माहेरी आलीय, कुणाला दिवस गेलेत, आज महाराजांचा आवाज कसा बसला होता. आमच्या मळ्यातून मधल्या टेकाडामुळे तबकड्या दिसत नाहीत, म्हणून आई मुद्दाम विचारायची, "आज त्यांची तोंडं कुणीकडं व्हती गं?" वहिनी म्हणायच्या, "आज आपल्याकडं पाठ केलीया. रुसल्यात." आई खुदकन हसायची. हे सगळं मी शेजारच्या खोलीतून ऐकलेलं आहे. ऐकू येत होतं, पण लक्ष दिलं नव्हतं.

यंदा सप्ताहाच्या आधी देवळात बैठक झाली. मागच्या वर्षी भाकरीचा फार घोळ झाला होता. लांबच्या मळ्यांतल्या भाकरी उशिरा आल्या, पंगत ताटकळली आणि आमटीवर साय धरली. यावर म्हातारे लोक तावातावानं बोलत होते. आणि माझ्या अंगात आलं. मी उठून उभा राहिलो. म्हटलं, बायांनी एवढं चालायचंच कशाला? प्रत्येक वाटेवर एक ठिकाण ठरवू. तिथपर्यंत भाकरी आणायच्या. टोमॅटोचे रिकामे कॅरेट धुऊन, त्यात स्वच्छ धोतरं अंथरून पिकअपमध्ये ठेवू. लांबच्या मळ्यापासून सुरुवात करून गाडी गोळा करत करत देवळात येईल. मोबाइलवर नकाशा काढून दाखवला. खेळात इतकी वर्षं जे केलं तेच होतं, फक्त बैलांच्या जागी पिकअप होती.

"लई डोकं चालवलंस राव," अध्यक्ष म्हणाले. "बायांचं हाल वाचतील."

बैठकीत बाई एकही नव्हती. ते तेव्हा माझ्या ध्यानातही आलं नाही.

घरी येऊन मी मोठ्या थाटात वहिनींना सांगितलं, "यंदा तुम्हाला चालायला नको. गाडी दारापासून हाकेच्या अंतरावर येणार." त्या भांडी घासत होत्या. हात थांबला. "मग आमी देवळात जायाचं न्हाई व्हय?" असं त्यांनी विचारलं, आणि मी खुशीत म्हणालो, "नाही ना! तेच तर." आणि मनात आणखी एक हिशेब केला होता तो मात्र बोललो नाही. वहिनी घरी म्हणजे आईजवळ मला बसायला नको. संध्याकाळ माझी.

पहिल्या दिवशी मी स्वतः पिकअपमध्ये ड्रायव्हरशेजारी बसलो. आमच्या मळ्याच्या तोंडाशी लिंबाखाली वहिनी आणि शेजारच्या दोघी पाट्या घेऊन उभ्या होत्या. वहिनींनी ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं, केसात अबोलीचा गजरा होता. भाकरी कॅरेटमध्ये रचून झाल्या. मी गाडीचं मागचं फळकं लावत होतो तेवढ्यात त्या हळूच म्हणाल्या,

"भाऊजी, गाडीत एकाद्या माणसाला जागा असंल का?"

मी हसलो. खरंच हसलो. म्हणालो, "वहिनी, भाकरीलाच पुरत नाही, माणसाला कुठून?" शेजारच्या दोघीही हसल्या, मग वहिनीपण हसल्या. गाडी निघाली. आरशात मला त्या तिघी दिसत होत्या, रिकाम्या पाट्या कमरेला लावून गाडीच्या दिशेनं बघत उभ्या. मला वाटलं, दमल्या असतील.

पंगत वेळेवर बसली. भाकरी गरम होत्या. लोकांनी माझ्या पाठीवर थापा मारल्या, आणि मी त्या घेतल्या. दुसऱ्या दिवसापासून माझी गरजच उरली नाही, ड्रायव्हरला वाट पाठ झाली. मी घरी कॉम्प्युटर लावून बसायला लागलो. दुबईवाल्याची फौज घाटात अडकली होती, तिला दाणा पोचवायचा होता.

सप्ताहाच्या मध्यावर एकदा देवळात डोकावलो. ओट्यावर, जिथं बाया बसायच्या, तिथं गावठाणातल्या चार-दोन म्हाताऱ्या होत्या, बाकी चपला पडलेल्या. मला ते चुकल्यासारखं वाटलं, पण काय चुकलं ते कळेना. पंगतीत एक आजोबा भाकरी उलटीपालटी करत म्हणाले, "ही कुणाची म्हणायची? पूर्वी पापुद्र्यावरनं वळखत व्हतो." तेव्हाही मी म्हटलं, भाकरी ती भाकरी. आणि जेवून घरी आलो.

शेवटच्या भाकरीच्या संध्याकाळी वहिनी पाटी घेऊन लिंबाकडे गेल्या होत्या. आईनं मला हाक मारली. मला वाटलं पाणी हवं असेल.

"ती रोज लुगडं बदलती, बघितलंस का?" आई म्हणाली.

मी म्हटलं, "सप्ताह आहे. बदलणारच."

"लिंबापतुर जायला? आरं, रोज नेसती, गजरा माळती, गाडी गेली की परत येती आन् सोडून ठेवती. मी म्हणलं, तू जा, हा बसंल माझ्यापाशी. तर म्हणती, रिकाम्या हातानं कशी जाऊ? लोकं म्हणत्याल सासू पडलीया आन् ही हिंडती." आईनं पांघरूण छातीपर्यंत ओढून घेतलं. मग म्हणाली, "वरीसभर ती या सात दिसांची वाट बघती रे. आन् ती आली की मी बी जाऊन आल्यावानी व्हतं."

मला कुणी थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. 'एकाद्या माणसाला जागा असंल का' हे आठवलं. त्यावरचं माझं हसणंही आठवलं. भावाची, आईची, बैठकीतल्या म्हाताऱ्यांची कुणाचीच लाज वाटली नाही एवढी त्या हसण्याची वाटली. ज्या घरात मी दोन्ही वेळा त्यांच्या हातचं खातो, त्या घरात मला एवढं दिसलं नव्हतं. खेळातल्या ओझेवाल्यांना घर नसतं. रेल्वे आली की ते मोकळे होतात आणि नकाशावरून नाहीसे होतात. वहिनींनाही मी तसंच मोकळं करून टाकलं होतं.

त्या परत आल्या तेव्हा मी ओसरीवर उभा होतो. म्हणालो, "वहिनी, उद्या काल्याला तुम्ही जा. दिवसभर जा. आईजवळ मी बसतो."

त्यांनी पाटी भिंतीला उभी केली. डोक्यावरची चुंबळ आत टाकली.

"उद्या भाकरी नसत्यात, भाऊजी," त्या म्हणाल्या. "काल्याचा सैपाक देवळातच व्हतो."

मी म्हटलं, "भाकरी नसू दे. अशाच जा." त्या हसल्या, जशा लिंबाखाली हसल्या होत्या तशाच, आणि आईला वळवायला आत गेल्या. मीही पुढे रेटलं नाही. माफी मागायला हवी होती. पण दिरानं वहिनीची माफी कोणत्या शब्दांत मागायची हे मला माहीत नव्हतं, आणि ते शोधायचे कष्टही मी घेतले नाहीत.

काल्याच्या दिवशी माझा सत्कार झाला. मी मागे उभा होतो, तरी माइकवरून नाव पुकारून मला पुढे नेलं. शाल घातली, नारळ दिला. अध्यक्ष म्हणाले, या पोरानं आपल्या माता-भगिनींचं कष्ट वाचवलं. टाळ्या पडल्या. मी अध्यक्षांच्या कानाशी लागून म्हटलं, "पुढच्या वर्षी गाडी नको. बायांना येऊ द्या." ते माझ्याकडे बघतच राहिले. "येडा का खुळा तू? पुढच्या वर्षी दोन गाड्या लावायच्यात. मंचरवाला पावणा पिकअप देतो म्हणलाय." आणि त्यांनी माझा फोटो काढायला लावला. त्या फोटोत मी मान खाली घालून उभा आहे. लोक म्हणतात, पोरगं किती नम्र आहे.

घरी आलो तर वहिनी आईच्या पायथ्याशी बसल्या होत्या. स्पीकरचा आवाज मळ्यापर्यंत येतो हे मी विसरलो होतो. "ऐकलं आमी," त्या म्हणाल्या. "नाव घेतलं तुमचं." नारळ त्यांनी दोन्ही हातांनी घेतला, देवापुढे ठेवला आणि पुन्हा जागेवर येऊन बसल्या. आईनं मला हातानं पलंगाशी बोलावलं. दोघी माझ्याकडे बघत होत्या. त्या कशाची वाट बघताहेत ते मला लगेच कळलं नाही.

"सांग की," आई म्हणाली. "कोण कोण आलं व्हतं?"

मी आठवून बघितलं. सप्ताहभर गाडी किती वाजता पोचली, किती कॅरेट परत गेले, आज पंगत कधी उठली, हे सगळं मला तोंडपाठ होतं. माणूस एकही आठवेना. कुणाची लेक माहेरी आली होती का, महाराजांचा आवाज बसला होता का, काही सांगता येईना.

"आन् तबकड्यांची तोंडं कुणीकडं व्हती?" आईनं विचारलं.

त्यांच्या समोरूनच मी आलो होतो. मान वर करून बघितलं नव्हतं.

"असू द्या आत्या," वहिनी आईला म्हणाल्या. "दमल्यात ते." आणि त्या माझ्यासाठी ताट वाढायला उठल्या.